युद्धविरामाचा पंचनामा झाला, दरखास्त कोणी चालवायची?

श्रीलंकेचे नाव निघाले की आपल्या समाजाला अनुराधापूरचा बोधिवृक्ष आठवतो, कँडीचे दंतधातू विहार आठवते, अनागारिक धम्मपाल आठवतात. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या बेटावर १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे जे युद्ध चालले, त्याकडे पाहताना आपल्यातले अनेकजण नकळत एका बाजूला जाऊन बसतात. सिंहली बौद्ध म्हणजे आपले, असा सोपा हिशेब. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठी त्या युद्धातील एक करार आम्ही वाचकांपुढे ठेवतो. आज जगात कुठेही युद्धविरामाची बोलणी सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, तो मोडला तर कोण काय करणार? श्रीलंकेत या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

२२ फेब्रुवारी २००२ रोजी पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे आणि लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन यांच्यातील युद्धविराम करार जाहीर झाला. मध्यस्थ नॉर्वे. देखरेखीसाठी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच देशांच्या नागरिकांचे निरीक्षक मंडळ. त्यांच्याकडे शस्त्र नाही, अटकेचा अधिकार नाही. पाच-सहा डझन माणसे, काही गाड्या आणि एक झेंडा. कराराचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार मात्र मंडळाच्या प्रमुखाला दिलेला.

वकिली करणाऱ्याच्या डोळ्याला हे ताबडतोब खुपते. आमच्या दिवाणी कोर्टात 'जैसे थे'चा हुकूम होतो. तो कोणी मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ प्रमाणे त्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दावा जिंकला तर दरखास्त दाखल करता येते, बेलिफ पाठवता येतो. (बेलिफ वेळेवर जातो का, हा वेगळा विषय. गावातल्या धनदांडग्याच्या दारात तो किती वेळा पोहोचतो हे आमच्या पक्षकारांना विचारा.) श्रीलंकेच्या करारात हुकूम होता, पंचनामा होता, दरखास्त नव्हती. निरीक्षकांनी ठरवायचे की अमक्या तारखेला अमक्याने कलम मोडले. पुढे? पुढे काही नाही. ज्याने मोडले त्यालाच पत्र.

तरीही हा करार निरुपयोगी होता असे आम्ही म्हणणार नाही. जाफन्याकडे जाणारा ए-९ रस्ता बारा वर्षांनी उघडला. माणसे घरी गेली, शेतात गेली. पहिली तीन वर्षे मोठी लढाई झाली नाही. ज्याच्या घरावर तोफगोळे पडतात त्याला विचारा, तीन वर्षे म्हणजे काय असतात.

पण मुळातच पाया कच्चा. सही पंतप्रधानांची, आणि सैन्याच्या सरसेनापती राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा. दोघे विरोधी पक्षांचे. आपल्याला विश्वासात घेतले नाही ही चंद्रिकाबाईंची तक्रार होती. ज्या देशात राज्यघटनेने सैन्य एकाकडे दिले आहे आणि युद्धविराम दुसऱ्याने केला आहे, तेथे अंमलबजावणीची हमी कोण देणार? नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांनी संरक्षण खाते आपल्या हाती घेतले आणि नॉर्वेने काही काळ काम थांबवले.

दुसरा पक्ष लिट्टे. एप्रिल २००७ पर्यंत निरीक्षकांनी लिट्टेच्या खात्यावर ३,८३० उल्लंघने नोंदवली आणि सरकारच्या खात्यावर ३५१. लिट्टेच्या उल्लंघनांत लहान मुलांना पळवून हाती बंदूक देण्याचे प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होते. तामिळ जनतेच्या हक्कांसाठी लढतो म्हणणाऱ्या संघटनेने तामिळ आयांच्याच मांडीवरून पोरे उचलली, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. पण या आकड्यांचा उपयोग कसा झाला तेही पाहिले पाहिजे. सरकार म्हणे, पाहा कोण करार मोडतो. लिट्टे म्हणे, आमच्या विरोधातील सशस्त्र टोळ्यांना निःशस्त्र करण्याचे कलम सरकारने पाळलेच नाही. दोन्ही बाजूंनी निरीक्षकांची वही दुसऱ्याच्या डोक्यात मारायला वापरली.

आणि तिसरा? उत्तर-पूर्वेतील मुसलमान. १९९० मध्ये लिट्टेने त्यांना उत्तर प्रांतातून हाकलून दिले होते. करारावर दोनच सह्या, शांतता चर्चेतही त्यांना स्वतंत्र पक्ष म्हणून जागा मिळाली नाही. गोलमेज परिषदेत आपले स्वतंत्र प्रतिनिधित्व कशासाठी मागितले गेले हे ज्यांना कळते, त्यांना ही जागा न मिळण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता बड्या राष्ट्रांचे पाहू. जून २००३ मध्ये टोकियोला देणगीदार देशांची परिषद भरली. साडेचार अब्ज डॉलरचे आश्वासन मिळाले, शांततेची प्रगती होईल तशी मदत, अशी अट. लिट्टे त्या परिषदेला गेलीच नाही. नॉर्वे, जपान, अमेरिका आणि युरोपीय संघ असे चार सहअध्यक्ष नेमले गेले, पण चौघांची तोंडे चार दिशांना. अमेरिकेने लिट्टेला १९९७ पासूनच दहशतवादी ठरवलेले. जपान सर्वात मोठा देणगीदार, पण मदत रोखून दबाव आणायला तयार नव्हता. नॉर्वेला दोन्ही दारे उघडी ठेवायची होती. भारताने शांतिसेनेत अकराशेहून अधिक जवान गमावले होते, त्यामुळे दिल्ली नॉर्वेला शुभेच्छा देऊन बाजूला उभी.

मे २००६ मध्ये युरोपीय संघाने लिट्टेवर बंदी घातली. लिट्टेने ती ओढवून घेतली होती यात शंका नाही. एप्रिलमध्ये कोलंबोत लष्करप्रमुखावर आत्मघाती हल्ला झाला होता. ११ मे रोजी सातशेहून अधिक सैनिक नेणाऱ्या जहाजावर समुद्री वाघांनी चाल केली, आणि त्या जहाजावर निरीक्षक होता! परंतु निरीक्षक पुरवणाऱ्या पाच देशांपैकी स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड हे तीन युरोपीय संघाचेच सदस्य. लिट्टेने लगेच मागणी केली, या तीन देशांची माणसे काढा. सप्टेंबरपर्यंत ती गेली. साक्षीदारांपैकी निम्म्याहून अधिक एका फटक्यात कमी. मंडळाचे तेव्हाचे प्रमुख स्वीडनचे उल्फ हेन्रिकसन यांनी या बंदीवर टीका केली ती उगीच नव्हती. शिक्षा द्यायला आमची हरकत नाही. पण जागेवरचा पंचच उठून जाईल अशी शिक्षा देणाऱ्यांनी पुढचा विचार केला होता काय?

त्याच उन्हाळ्यात माविल आरूचा प्रसंग घडला. जुलै २००६ मध्ये लिट्टेने त्रिंकोमाली जिल्ह्यातील या कालव्याचे दरवाजे बंद केले आणि खालच्या हजारो शेतकऱ्यांचे पाणी तोडले. पाणी तोडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवू नये. नॉर्वेने मध्यस्थी केली, लिट्टे दरवाजे उघडायला राजी झाली, आणि ६ ऑगस्टला हेन्रिकसन स्वतः तिकडे निघाले. त्याच वेळी सैन्याचे तोफगोळे त्या भागात पडू लागले. सरकारचे म्हणणे, पाण्यावर सौदा होऊ शकत नाही. तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण पाणी सोडायला निघालेल्या पंचाच्या वाटेवर तोफा डागून कोणते तत्त्व सांभाळले जाते?

त्याच लढाईत शेजारच्या मुत्तूर गावातून मुसलमान हजारोंनी पळाले. ४ ऑगस्टला तेथे एका फ्रेंच मदत संस्थेच्या १७ स्थानिक कर्मचाऱ्यांना त्यांच्याच कार्यालयाच्या आवारात गोळ्या घातल्या गेल्या. सोळा तामिळ, एक मुसलमान. त्सुनामीग्रस्तांसाठी काम करणारी माणसे. निरीक्षकांना प्रथम तेथे जाऊच दिले नाही. महिनाअखेर मंडळाने सुरक्षा दलांना जबाबदार धरले, सरकारने तो निष्कर्ष फेटाळला.

या सर्व काळात चीवरधारी भिक्खू कोठे होते? जातिक हेल उरुमय या पक्षाने एप्रिल २००४ च्या निवडणुकीत केवळ भिक्खूंना उभे केले आणि नऊ जागा जिंकल्या. हा पक्ष युद्धविरामाच्या आणि नॉर्वेच्या विरोधात उभा राहिला. लिट्टेने बौद्धांची पवित्र स्थळे रक्ताने भिजवली होती, १९८५ मध्ये अनुराधापूरला आणि १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातू विहाराच्या दारात. ती जखम खरी आहे. परंतु करार कडक करा, निरीक्षकांना अधिकार द्या, अशी मागणी त्यांनी केली असती तर आम्ही समजलो असतो. त्यांना करारच नको होता. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म कोणत्याही वंशाची ढाल नाही, आणि हे आपण श्रीलंकेच्या भिक्खूंनाही नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

२ जानेवारी २००८ रोजी सरकारने करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. चौदा दिवसांची नोटीस नॉर्वेला दिली आणि १६ जानेवारीला करार संपला. सहा वर्षांत एवढे एकच कलम अक्षरशः पाळले गेले! निरीक्षक सामान बांधून निघून गेले. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारीही वन्नीतून बाहेर काढले गेले. मे २००९ पर्यंत तेथे जे घडले ते पाहायला स्वतंत्र माणूस जवळजवळ उरला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये लिहिले की शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. लिट्टेने आपल्याच लोकांना ढाल म्हणून अडवून धरले आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, हेही त्याच अहवालात आहे.

मुत्तूरच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्षांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये सैन्याला निर्दोष ठरवले. त्या सतरा जणांच्या खुनाबद्दल आजपर्यंत एकालाही शिक्षा झालेली नाही.