मान नव्हे, पाठ

उभ्या घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते. स्वार बसला की ते आणखी पुढे झुकते. हा भार मागच्या पायांकडे न्यायला शिकवणे म्हणजे ‘कलेक्शन’. त्यात मागचे पाय पोटाखाली येतात, पुठ्ठे खाली बसतात, खांदे हलके होऊन उचलले जातात आणि मानेची कमान शेवटी आपोआप येते.

दिग्रसपासून सारंगखेड्यापर्यंत वरातीचा घोडा पाहणाऱ्यांना कमानच आधी दिसते. लगाम खेचून मान वाकवता येते, पण मग पाठ खचते आणि मागचे पाय मागेच राहतात. हे कलेक्शन नव्हे, नुसता देखावा.

ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ; त्याच्या जर्मन शिक्षणक्रमात ताल, लवचीकता, लगामाशी संपर्क, जोम आणि सरळपणा यांनंतर सहावी पायरी कलेक्शनची. तिथवर पोहोचायला वर्षे लागतात. वर्तुळे, दुडकीतून चालीवर येणे, पुन्हा दुडकी, मागे सरणे असा सराव चालतो. स्वार पोटरीने घोडा पुढे लोटतो, क्षणभर बैठकीने व लगामाने थोपवतो आणि लगेच हात सैल करतो. सैल करणे विसरले की सगळे फसते.

अडथळ्यांच्या शर्यतीत उडीआधी ढांगा आखडायला हेच लागते. पोलोत ते जागच्या जागी वळण्यासाठी हवे. अमेरिकी पद्धतीत कलेक्शनमध्येही लगाम ढिलाच असतो. भरधाव मेख उपटण्याच्या खेळात मात्र कलेक्शनची गरज कमी.

२०२३च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत कलेक्शनवरच उभ्या असलेल्या ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण भारताने जिंकले. संघातील चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता.