राखणीच्या कुत्र्याचे लसीकरण : पिल्लापासून म्हातारपणापर्यंत

पेण व रोहा तालुक्यांत शेतकऱ्याच्या अंगणात एखादा तरी कुत्रा असतोच. रात्री खळ्याची राखण, शेतात शिरणारी रानडुकरे हुसकावणे, अनोळखी माणसाची चाहूल देणे ही कामे तो बिनबोभाट करतो. गाई-बैलांना पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्याची लस टोचून घेण्याची सवय आता बहुतेकांना लागली आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र "लहानपणी एक इंजेक्शन दिले होते" एवढ्यावर समाधान मानले जाते. ही समजूत घरातील माणसांच्या जिवावर बेतू शकते.

एका इंजेक्शनने का भागत नाही ?

भाताचे रोप पहिले काही दिवस बियातील साठ्यावर वाढते. पिल्लाचेही तसेच आहे. जन्मल्यानंतर पहिल्या दिवशी प्यालेल्या आईच्या चिकातून त्याला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू संपतात. ती भरपूर असताना टोचलेली लस ती निकामी करतात. संपल्यावर लस टोचली नाही, तर पिल्लू उघडे पडते. कोणत्या पिल्लात ती केव्हा संपतील हे वरून कळत नाही. म्हणून ठराविक अंतराने लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मालिकेतील शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडणे महत्त्वाचे आहे. सहाव्या आठवड्यात एकदाच लस दिलेले पिल्लू सुरक्षित समजू नये.

कोणत्या रोगांसाठी लस द्यावी ?

रेबीज : कुत्रा पिसाळतो तो या रोगाने. लक्षणे दिसू लागल्यावर जनावर असो वा माणूस, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यानेच होतो.

पार्व्हो व डिस्टेंपर : पार्व्होमध्ये उलट्या व रक्ताची हगवण होऊन पिल्लू थोड्याच दिवसांत दगावते. १९७८ च्या सुमारास उद्भवलेला हा रोग अल्पावधीत जगभर पसरला. त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात. ज्या अंगणात एक पिल्लू गेले, तेथे दुसरे बिनलसीचे पिल्लू आणू नये. डिस्टेंपरमध्ये ताप, नाका-डोळ्यांतून स्राव आणि पुढे झटके येतात.

लेप्टोस्पायरोसिस : कोकणच्या दृष्टीने ही लस विशेष महत्त्वाची आहे. उंदरांच्या मुतातून याचे जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात. कुत्र्याला लागण झाली की त्याच्या मुतातूनही ते बाहेर पडतात. लावणीच्या वेळी पायाला जखम असलेल्या माणसाला त्याच चिखलातून रोग होऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाचे अनेक रुग्ण आढळले होते. ही लस जंतूंच्या काही ठराविक प्रकारांवरच काम करते व तिचा प्रभाव सुमारे एक वर्ष टिकतो. त्यामुळे उंदरांचा बंदोबस्तही करावाच लागतो.

लसीकरणाचे वेळापत्रक

• २ आठवडे : जंताचे पहिले औषध. पुढे तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी.
• ६ ते ८ आठवडे : पार्व्हो-डिस्टेंपरच्या संयुक्त लसीची पहिली मात्रा.
• त्यानंतर दर ३ ते ४ आठवड्यांनी : संयुक्त लस पुन्हा, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. यातच लेप्टोच्या दोन मात्रा बसवाव्यात.
• ३ महिने : रेबीजची पहिली मात्रा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने महिनाभराने दुसरी.
• ६ महिने ते १ वर्ष : संयुक्त लसीची बळकटीची मात्रा. वर्षाने रेबीज व लेप्टो.
• पुढे आयुष्यभर : रेबीज व लेप्टो दरवर्षी. संयुक्त लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, साधारणपणे तीन वर्षांनी.

मोठ्या कुत्र्याला पूर्वी लेप्टोची लस दिली नसेल, तर २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. पहिली एप्रिलअखेर व दुसरी मे महिन्यात दिली, तर लावणीपूर्वी संरक्षण तयार होते. कुत्रा म्हातारा झाला म्हणून लस बंद करू नये.

लस टोचताना

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. दुकानातून लस घेतल्यास थर्मासमध्ये बर्फासोबत न्यावी, परंतु रेबीजची लस गोठू देऊ नये. उन्हात तापलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचण्यासारखे आहे. शक्यतो कुत्राच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. तापाने आजारी कुत्र्याला लस देऊ नये. लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. एखादा दिवस सुस्ती येणे स्वाभाविक आहे, पण तोंड सुजल्यास किंवा धाप लागल्यास लगेच पशुवैद्यकास दाखवावे. लसीची चिठ्ठी व तारीख नोंदवहीत ठेवावी.

कुत्रा चावल्यास

जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, मिरची लावू नये. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रक्त आले असल्यास जखमेत सीरमही टोचून घ्यावे लागते. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लसीची पोटातील इंजेक्शने भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात देतात, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. चावलेला कुत्रा मारू नये. त्याला बांधून दहा दिवस लक्ष ठेवावे, मात्र उपचार तोवर थांबवू नयेत. कुत्र्याला लस दिलेली असली तरी हेच करावे.

पिसाळलेला कुत्रा गुरांनाही चावतो. गाय लाळ गाळते, सारखी हंबरते व चारा गिळू शकत नाही, तेव्हा घशात काहीतरी अडकले असावे असे समजून मालक तोंडात हात घालतो. असा हात कधीही घालू नये. त्या गाईचे दूध वापरू नये व पशुवैद्यकास बोलवावे.

कुत्र्याला वर्षातून एकदा दवाखान्यात नेण्यास अर्धा दिवस मोडतो. रेबीजची लक्षणे दिसल्यावर मात्र कोणतेही औषध हाती उरत नाही. शेतकरी बंधू-भगिनींनी गुरांच्या लसींबरोबरच राखणीच्या कुत्र्याचीही तारीख यंदा कॅलेंडरवर लिहून ठेवावी.