तिबेटचा मोमो, दिल्लीचा मोमो

मजनू का टीला हे उत्तर दिल्लीतील, यमुनेच्या पश्चिम तीरावरचे एक जुने ठिकाण होय. टीला म्हणजे टेकाड. लोकांना विनामूल्य नदी उतरवून देणारा, मजनू या टोपणनावाने ओळखला जाणारा एक फकीर येथे राहत असे आणि सिकंदर लोदीच्या काळात दिल्लीस आलेल्या गुरू नानकांची व त्याची येथेच भेट झाली, अशी परंपरा आहे. पुढे १७८३ मध्ये शीख सरदार बघेलसिंग यांनी या जागी गुरुद्वारा बांधविला. परंतु आजच्या तरुण दिल्लीकरासमोर हे नाव उच्चारले, तर त्याला बहुधा प्रथम आठवते ती गुरुद्वाराशेजारची तिबेटी वसाहत आणि तिच्या अरुंद बोळांत मिळणारे खाणे.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांपैकी काही कुटुंबे दिल्लीत राहिली व १९६० नंतरच्या दशकात यमुनेच्या काठी स्थिरावली. या वसाहतीचे कागदोपत्री नाव न्यू अरुणा नगर. प्रारंभीच्या काळात चांग, म्हणजे धान्य आंबवून केलेले सौम्य मद्य, गाळून विकणे हाच येथील अनेकांच्या उपजीविकेचा आधार होता. पुढे हा धंदा मागे पडला आणि लोकरी कपडे, अतिथिगृहे व खानावळी पुढे आल्या. धरमशाळेस जाणाऱ्या बसगाड्या येथून सुटतात, दिल्ली विद्यापीठाचा परिसरही फार दूर नाही. त्यामुळे प्रवासी, भिक्षू आणि विद्यार्थी असे तीन प्रकारचे गिऱ्हाईक या वस्तीला मिळाले.

बोळांत शिरल्यावर जे प्रथम दृष्टीस पडते ते लाफिंग. एखादी स्त्री लहानशा मेजामागे बसलेली असते. तिच्यासमोर वाडग्यांतून तिखट तेल, लसणाचे पाणी, शिरका आणि सोयाबीनचा काळसर रस मांडलेला असतो. मुगाच्या सत्त्वापासून केलेले पांढरे, थरथरणारे लाफिंग हा एक प्रकार. त्याचे मूळ पश्चिम चीनमधील थंड, खळीदार पदार्थांत आहे. दुसरा प्रकार पिवळ्या लाफिंगचा. त्याची कृती मराठी वाचकाला मुळीच परकी वाटू नये. मैद्याची कणीक पाण्यात चोळून चोळून धुतात. तिच्यातील चिकट भाग हाती राहतो आणि सत्त्व पाण्यात उतरते. ते पाणी निवू दिले म्हणजे तळाशी चीक बसतो. आपल्याकडे गहू भिजवून, वाटून असाच चीक काढतात व तो शिजवून त्याच्या कुरडया घालतात. येथे तो पसरट ताटलीत पातळ ओतून वाफवतात आणि त्याची पारदर्शक पोळी तयार होते. हाती राहिलेला चिकट गोळाही वाया जात नाही. तो वाफवला म्हणजे जाळीदार होतो, आणि त्याचेच तुकडे पोळीवर पसरून, तिखट तेल माखून तिची गुंडाळी करतात. एकाच कणकेचे दोन भाग वेगळे करून पुन्हा एकत्र आणण्याची ही युक्ती मला मोमोपेक्षाही अधिक कल्पक वाटते. दिल्लीच्या मे महिन्यात थंड लाफिंग जितके सुखावते तितका गरम मोमो सुखावत नाही, ही गोष्ट वेगळीच.

तरीही दिल्ली जिंकली ती मोमोने. मैद्याची पातळ पारी, आत सारण, वर चुण्या घेऊन बंद केलेले तोंड आणि वाफेवर शिजवणे, इतके वर्णन ऐकून आपल्याला उकडीचा मोदक आठवतो. साम्य आहे ते कृतीचे. त्यावरून कुळाचे नाते जोडण्याचा मोह टाळावा, कारण ज्याला पारी लाटता येते आणि वाफ कोंडता येते तो कोठेही या आकारापर्यंत पोहोचू शकतो. मोमोचे खरे नातलग उत्तरेकडे शोधावे लागतात. वायव्य चीनच्या बोलींत वाफवलेल्या पावाला जवळजवळ याच उच्चाराचा शब्द आहे. तिबेटात रोजचे अन्न म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, त्सांपा. मोमो हा सणासमारंभाचा, अनेक हातांनी मिळून करावयाचा पदार्थ. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे पाणी ८८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. अशा ठिकाणी डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत. परंतु पातळ पारीतील खिमा एवढ्या उष्णतेतही लवकर शिजतो. सारणात याकचे किंवा मेंढीचे मांस, चरबी, कांदा आणि मीठ, याहून फारसे काही नसे. त्यातून सुटणारा रस्सा पारीच्या आत कोंडलेला असल्यामुळे पहिला घास जपूनच घ्यावा लागे.

दिल्लीत आल्यावर या पदार्थाचे सारण बदलले. वर्षभर स्वस्त मिळणारा कोबी मांसाच्या जागी आला. कोंबडीचा खिमा, पनीर, सोयाबीन हे त्यापाठोपाठ आले. तिबेटी घरातील तिखट ठेच्याची जागा टोमॅटो, सुकी मिरची व लसूण यांच्या लालभडक चटणीने घेतली. १९९४ मध्ये आयएनए बाजारासमोर ‘दिल्ली हाट’ सुरू झाले, तेव्हा पूर्वोत्तर राज्यांच्या खाद्यगृहांतून मोमो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या ताटलीत पोहोचला; त्याच दशकात लाजपतनगरसारख्या बाजारपेठांत पदपथावर ॲल्युमिनियमची थरांची पातेली दिसू लागली. पुढे पंजाबी खानावळींनी मोमो दह्यामसाल्यात घोळून तंदुरीत घातला. या प्रकारांची नावे नेहमीच विश्वसनीय नसतात. साय व पांढऱ्या मसाल्यात बुडविलेल्या मोमोला दिल्लीत ‘अफगाणी मोमो’ म्हणतात. अफगाणिस्तानात असा पदार्थ नाही.

खरा अफगाणी पदार्थ पाहावयाचा तर तो त्याच लाजपतनगरात आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी वसविलेल्या या वस्तीत, सोव्हिएत सैन्य १९७९ मध्ये अफगाणिस्तानात शिरल्यापासून पुढील प्रत्येक संकटात काबूल सोडलेली कुटुंबे येत राहिली. २०२१ मध्ये तालिबानांनी पुन्हा सत्ता घेतल्यावर हेच घडले. येथील भट्ट्यांतून लांबट नान निघतात आणि खानावळींत ‘मंतू’ मिळतो: कांदा व खिमा भरलेली, वाफवलेली लहान पुरचुंडी, वर लसणाचे घट्ट दही, चण्याच्या डाळीचा रस्सा आणि वाळलेला पुदिना. उझबेकांची व तुर्कांची मांती, कोरियातील मांडू आणि चीनमधील मांथौ ही सारी याच नावाची भावंडे मानली जातात. गंमत अशी की, चीनमध्ये आज मांथौ म्हणजे सारण नसलेला पाव. नाव एका वाटेने गेले आणि सारण दुसऱ्या. मध्य आशियाच्या वाटेने आलेला मंतू आणि तिबेटच्या वाटेने आलेला मोमो हे दूरचे आप्त लाजपतनगरात काही गल्ल्यांच्या अंतराने वाफेवर चढतात. त्यांची ओळख मात्र कोणी करून दिलेली नाही.

पदपथावरचा मोमो विकणारा माणूस आता बहुतेक वेळा तिबेटी नसतो. त्या पातेल्यामागे कधी नेपाळी तरुण असतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला येथे राहण्यास व काम करण्यास आडकाठी नाही. कधी दार्जिलिंगची किंवा मणिपूरची स्त्री असते, कधी बिहारमधून आलेला मुलगा. हे तर भारताचे नागरिकच. रस्त्यावर माल विकणे हा नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवू नये असे सांगितले आणि शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या. त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांना. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पालिकेची गाडी आली म्हणजे पेटती शेगडी उचलून पळणारे विक्रेते मात्र त्यानंतरही दिसत राहिले.

नागरिकत्वाने सारे प्रश्न सुटतात असेही नाही. दिल्लीने मोमो आपलासा केला. परंतु त्याच पदार्थाचे नाव पूर्वोत्तरेतील विद्यार्थ्यांना चेहऱ्यावरून हिणवण्यासाठी वापरणारे लोकही याच शहरात आहेत, आणि त्यांतील काही जण तो आवडीने खात असतील. जानेवारी २०१४ मध्ये, लाजपतनगरातच, दिसण्यावरून झालेल्या टवाळीतून उद्भवलेल्या मारहाणीनंतर अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि अशा अवमानाविरुद्ध दंडसंहितेत स्वतंत्र कलमे असावीत अशी शिफारस तिने केली.

ज्यांनी हा पदार्थ दिल्लीत आणला त्यांची स्थिती आणखी वेगळी आहे. निर्वासितांसंबंधी स्वतंत्र कायदा भारतात नाही. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने व्यवसायाचे परवाने देण्याविषयी राज्यांना सुचविले; तथापि कायद्याच्या दृष्टीने बहुसंख्य तिबेटी आजही परदेशी आहेत. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक ठरतात, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये दिला. त्यानंतर जन्मलेल्यांना, आईवडिलांपैकी कोणीही नागरिक नसल्यास, हा लाभ नाही. ते तिबेट न पाहता वाढले आहेत, हिंदी बोलतात आणि गिऱ्हाइकाला ‘तिखट किती?’ असे त्याच भाषेत विचारतात. त्यांच्याजवळ नोंदणी प्रमाणपत्राची एक पुस्तिका असते. तिची मुदत संपत आली की दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवून ते नूतनीकरणाच्या कचेरीत रांगेत उभे राहतात.