सुट्टीत पोरांना हॉटेलात जेवायला न्यायचं, तर कुठलं हॉटेल बघायचं?



मे महिना लागला की आपल्या पिंपळगाव बसवंतच्या वाड्यावस्त्यांवर भाचरं यायला लागतात. द्राक्षाचा हंगाम उरकलेला असतो, खरड छाटणी झालेली असते, उन्हाळ कांदा चाळीत पडलेला असतो. हाताला थोडी उसंत असते. आमरस-पोळीचं कौतुक दोन दिवस टिकतं आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून आलेलं पोर म्हणतं, "मामी, आज बाहेर जेवायला जाऊ ना!"

आता बाहेर म्हणजे कुठं? आपल्या घरात हे आजवर कोण ठरवत आलं? गाडी ज्यांच्या हातात, ते. आणि त्यांना माहीत असलेलं हॉटेल म्हणजे कांदा, टोमॅटो मार्केटला घालून परत येताना मित्रांबरोबर ते जिथं बसतात ते. तिथली शेवभाजी झणझणीत असेलही, पण सहा वर्षांच्या लेकराला आणि आपल्याला ती जागा सोयीची असेलच असं नाही. चार-पाच जणांचं हॉटेलचं जेवण म्हणजे आपल्यातल्या मजुरी करणाऱ्या बाईचे दोन-तीन दिवस. एवढे पैसे जाणार असतील, तर जागा आपण निवडावी असं आम्हाला वाटतं. म्हणून आमच्या गटातल्या बायकांनी बसून जे जे मुद्दे काढले, ते आज सांगतोय.

पहिली गोष्ट रस्त्याची. आपलं गाव मुंबई-आग्रा रोडवर आहे. सरकारी कागदावर आता तो राष्ट्रीय महामार्ग ६० झालाय, पण आपण आग्रा रोडच म्हणतो. नाशिक इथून तीसेक किलोमीटर, दुसऱ्या अंगाला चांदवड, वरच्या बाजूला वणीचा रस्ता. गडावर सप्तशृंगीचं दर्शन करून, नाहीतर चांदवडला रेणुकामातेला जाऊन परतताना दिवेलागण होते आणि पोरं भुकेली होतात. हायवेच्या कडेला हॉटेलांची कमी नाही. पण जेवण कसं असेल याच्या आधी हे बघा, की हॉटेल आपण चाललोय त्याच बाजूला आहे का. पलीकडच्या बाजूचं हॉटेल दिसलं म्हणून दुभाजक ओलांडून पोरांना नेऊ नका, अंधारात तर अजिबात नाही. मोठ्या गाडीवाल्याला अंधारात उंची दिसते ती आपली, पोराची नाही.

दुसरं, गाड्या कुठं लागतात? पुष्कळ ठिकाणी पोरांसाठी झोके, घसरगुंडी असते आणि ती नेमकी पार्किंगला लागून असते. मागं येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला तीन फुटाचं पोर दिसत नाही. मधे कुंपण असेल आणि आपल्या टेबलावरून झोका दिसत असेल तरच पोराला सोडा. झोक्याची साखळी गंजलेली आहे का, घसरगुंडीचा पत्रा फाटलाय का, हे हाताने चाचपून बघा. उन्हाळ्यात सहाच्या आधी गेलात तर तो पत्रा तव्यासारखा तापलेला असतो.

पाट्या वाचायला शिकूया. 'परमिट रूम' लिहिलं असेल तिथं दारू मिळते. पुष्कळ ठिकाणी तीच जागा पुढं 'फॅमिली गार्डन' म्हणूनही पाटी लावते. फॅमिलीची बसायची जागा वेगळी आहे का, तिचं दार वेगळं आहे का, आणि बाईला संडासला जायचं तर पिणाऱ्यांच्या टेबलांमधून जावं लागतं का, एवढं आत शिरून एका मिनिटात कळतं. आमच्यातली एक काकू तर सरळ आधी संडास बघून येते, मगच सगळ्यांना गाडीतून उतरवते. लोक हसतात. हसू द्या. पाणी आहे, कडी लागते, दिवा आहे, साबण आहे, एवढं असेल तर मालकाचं लक्ष आहे असं समजायला हरकत नाही. संडास घाण असेल तर भटारखाना कसा असेल याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

काउंटरजवळ अन्न परवान्याचा कागद लावलेला असतो, तो शोधा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक हॉटेल, ढाबा, गाडा, सगळ्यांना परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते आणि ती दिसेल अशी लावावी लागते. नंबर १४ आकडी असतो. १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने सुरू होत असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. हाच नंबर १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. नंबर आहे म्हणजे जेवण चांगलंच असेल असं नाही, पण उद्या तक्रार करायची वेळ आली तर कोणाविरुद्ध करायची हे त्यावरून ठरतं.

आता जेवणाचं. इथं जरा वेळ घेतो, कारण पोरांचं रडणं इथंच सुरू होतं.

हॉटेलात आपण भाजी सांगितल्यावर ती पहिल्यापासून करत नाहीत. लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही दुपारीच तयार करून ठेवलेली असते आणि आपली ऑर्डर आली की त्यातली एक घेऊन पनीर, काजू, मटार काय असेल ते टाकतात. म्हणून लाल ग्रेव्हीची भाजी घेऊन "तिखट कमी करा" म्हटलं, तर वेटर हो म्हणतो पण आतला माणूस फार काही करू शकत नाही. तिखट आधीच पडलेलं असतं. फार तर वरून साय नाहीतर साखर टाकून देतात. पोरासाठी सांगायचं असेल तर पांढऱ्या ग्रेव्हीतलं सांगा, नाहीतर साधी डाळ सांगा आणि "वरून मिरचीची फोडणी देऊ नका" असं स्पष्ट म्हणा. फोडणी शेवटी पडते, त्यामुळे ती टाळता येते. साधा भात, डाळ, दही, तवा पोळी किंवा साधा डोसा, इडली, एवढं बहुतेक पोरं खातात. शेवभाजी आणि काळा रस्सा मोठ्यांनी घ्यावा, आणि त्याची वाटी टेबलाच्या मधोमध ठेवावी, कडेला नको. उकळता रस्सा पोराच्या मांडीवर सांडला तर ती सुट्टी दवाखान्यात जाते. भाजलंच तर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

वेळ साडेसात धरा, नऊ नको. शनिवार-रविवारी नऊला गेलात तर टेबल मिळायला अर्धा तास आणि ऑर्डर यायला अर्धा तास. तोवर पोरानं पापड आणि कोल्ड्रिंकवर पोट भरलेलं असतं. बसल्याबसल्या पहिलं पोराचं सांगावं, आपलं नंतर.

जेवणाआधी बशीत तळलेले शेंगदाणे येतात, ते तीन-चार वर्षांच्या आतल्या पोरापासून लांब सरकवा. आपल्या द्राक्षाच्या गावात सांगायला जरा विचित्र वाटेल, पण अख्खं द्राक्षसुद्धा लहान पोराच्या घशात बरोब्बर अडकतं. गुळगुळीत, गोल आणि श्वासनळीच्या मापाचं. फ्रूट सॅलडमध्ये, आइस्क्रीमवर आलं तर उभं चिरून चार फोडी करून द्या. पळता पळता, हसता हसता भरवू नका.

पोरांना हवं असतं ते मात्र वेगळंच. मंचुरियन, बर्गर, मोमो, गुलाबी म्हाताऱ्याचे केस. सगळं नाही म्हणता येत नाही, आणि सुट्टीत म्हणूही नये. पण थोडं माहीत असावं. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियन आणि म्हाताऱ्याच्या केसांमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, कारण तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं. तो कापड-कागद रंगवायचा रंग आहे. जिलबीपेक्षा भडक लाल-गुलाबी दिसलं की थांबा. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणानं २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी बंदी घातली. त्यात जंतू झपाट्यानं वाढतात आणि आपल्याकडचा मे तर ४० अंशांच्या आसपास. बर्गर हवाच असेल तर मेयोनेज न लावता मागा. आणि धूर निघणारं बिस्कीट, धूर निघणारा पान-मसाला हे पोराच्या हातात देऊच नका. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं. तो बर्फ नव्हे, गोठवलेला वायू असतो, आणि लागलेल्या जागी तो भाजतो.

गरम जेवण वाफाळतं यावं, गार पदार्थ गार यावा. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्नातले जंतू भराभर वाढतात. त्यामुळे कोमट भात, सकाळपासून काउंटरवर उघडी ठेवलेली चटणी, आंबूस वास येणारं दही परत पाठवा. परत पाठवण्यात लाजायचं काही नाही, पैसे आपण देतोय. तळलेल्याला काळपट रंग आणि खवट वास असेल तर तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं आहे. गर्दी असलेलं साधं हॉटेल आम्हाला रिकाम्या झगमगीत हॉटेलापेक्षा बरं वाटतं, कारण तिथं माल पडून राहत नाही.

पाणी घरचं न्या, पोराची बाटली वेगळी. वेटर विचारतो, "बिसलेरी का साधं?" आपल्याला ओशाळं करायची ही जुनी पद्धत आहे. साधं फिल्टरचं असेल आणि जग-पेले स्वच्छ असतील तर साधंच मागा. टेबलावर दिलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. तेव्हा बाटली फोडायच्या आधी भाव विचारलेला बरा. दुकानातून घेतलेल्या बाटलीला मात्र छापील किमतीच्या वर एक रुपया द्यायचा नाही.

थाळी घेणार असाल तर आधी विचारा: पोराची अर्धी थाळी आहे का, कितव्या वर्षापर्यंत, आणि एका थाळीत दोघांनी खाल्लं तर चालतं का. अमर्याद थाळीत बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते जेवण झाल्यावर कळलं की वाद होतो. आमच्या गटातल्या एकीच्या पाच वर्षांच्या नातवाच्या दोन पुऱ्यांसाठी एका हॉटेलानं पूर्ण थाळीचे पैसे लावले होते.

बिल आलं की पर्समधून पैसे काढायच्या आधी वाचा. समजा जेवण ८४० रुपयांचं झालं. साध्या हॉटेलात त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा २१ आणि अडीच टक्के राज्याचा २१, एकूण ८८२. बिलावर 'कंपोझिशन' असं लिहिलेलं असेल तर त्या हॉटेलाला आपल्याकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून आणखी ८४ रुपये लावले असतील तर ते काढायला सांगा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं, की हा आकार हॉटेलानं आपणहून लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. वाढणाऱ्या पोरानं लेकराला जपून वाढलं असेल तर दहा-वीस रुपये आपल्या खुशीनं त्याच्या हातात ठेवा. ते वेगळं.

फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. अन्नच खराब निघालं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. दोन्ही वेळेला बिल हातात हवं, म्हणून पक्कं बिल मागून घ्या आणि दोन-तीन दिवस जपून ठेवा. जेवणातून विषबाधा झाली तर त्रास काही तासांतही होतो, कधी दोन दिवसांनीही. पोराला उलट्या-जुलाब लागले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का. घोट घोट पाजत राहा. पोर सुस्त पडलं, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही टिकेना, तर वाट न बघता दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८.

आणि उरलेलं जेवण. टाकवत नाही, आपण बांधून घेतोच. घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा, भात तर नक्कीच, आणि सकाळी खळखळून उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका. फ्रिज नसेल तर रात्रीच गोठ्यात.