जळका वास, डावं चाक

सकाळी ७.१०
मोलगी. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, समोर ऑइलनं काळी पडलेली माती. जीप थांबते आणि जळका वास शेडभर होतो. ही नर्मदेकडची खेप. मणिबेलीची माणसं होडीनं काठाला लागतात, डोंगर चढून या गाडीत बसतात. टपावर भगरीची पोती, दोन कोंबड्या, एक सायकल. बाजाराचा दिवस आहे. माणसं उतरून आपापल्या वाटेनं जातात.

ड्रायव्हर मणिबेलीचाच. १९९३च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी गावातल्या घरांत शिरलं. भाऊबंदांतले काही गुजरातेत परवेट्याला गेले, याच्या बापानं वर टेकडीवर झोपडी बांधली. गाडी कर्जाची आहे.

"मिस्तरी, क्लच जळतोय. खाली एकानं साडेसात हजार सांगितले."

मिस्तरी काही बोलत नाही. चहाचा पेला ठेवतो आणि गाडीला एक फेरी मारतो.

७.२०
बॉनेट उघडतो. वायर जळली तर वास प्लास्टिकचा येतो, आणि तो गाडी चालू होताच येतो, चढाची वाट बघत नाही. सायलेन्सरवर ऑइल ठिबकत असेल तर निळसर धूर दिसतो. पट्टा घासत असेल तर रबराचा वास, सोबत चिरचिर. रेडिएटरचं पाणी गळत असेल तर गोडसर वाफ. यातलं इथे काही नाही. उरले दोनच, क्लच आणि ब्रेक. दोन्हीकडे लायनरच जळतो. नुसत्या नाकावर यांच्यातला फरक सांगणारा मिस्तरी मी अजून पाहिलेला नाही. हाही सांगत नाही. तो तपासतो.

"बस. ब्रेक दाबून धर. तिसरा टाक. आता क्लच हळू सोड."

क्लच घसरत असता तर इंजिन नुसतंच फिरत राहिलं असतं. ते धक्का देऊन बंद पडतं.

"क्लच चांगला आहे."

ड्रायव्हर खाली उतरतो. हसत नाही, पण खांदे सैल पडतात.

७.३५
मिस्तरी प्रत्येक चाकाजवळ तळहात नेतो, रिमला लावत नाही. पुढची दोन कोमट. मागचं उजवंही कोमट. मागच्या डाव्याजवळ हात नेतो आणि लगेच मागे घेतो. बाटलीतलं पाणी बोटानं उडवतो. थेंब चर्र करून उडतो.

"किती दिवस झाले?"
"आठ-दहा. चढाला ओढतच नव्हती. डिझेल पण जास्त खायची."

८.१५
चाक निवल्याशिवाय हात लावायचा नाही. तोवर पोऱ्या दुसऱ्या गाडीची पंक्चर काढतो. त्याची हजेरी दिवसाला साडेतीनशे.

मग जॅक, घोडी, पुढच्या चाकांना दगड. चाक अधांतरी करून फिरवलं तर फिरत नाही. हँडब्रेकची केबल ढिली केली, तरी घट्ट. मग मिस्तरी हवा काढायचा निपल अर्धा आटा सैल करतो. होजपाइपात दाब अडकला असता तर इथे चाक मोकळं झालं असतं. काळपट ब्रेक ऑइल ठिबकतं, चाक हलत नाही. म्हणजे पिस्टनच अडकलाय.

९.००
ड्रम निघता निघत नाही. हातोड्याचे ठोके, कडेकडेनं, गोल फिरत. शेवटी सुटतो. आत लायनर काळा, तडकलेला. भुकटी तोंडानं फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. पोऱ्याला हे दर वेळी सांगावं लागतं. व्हील सिलिंडरचं रबर फाटलंय. पावसाळाभर नाले ओलांडताना पाणी आत गेलं, गंज धरला, पिस्टन बाहेर आला तो परत गेलाच नाही. त्यामुळे पाय उचलला तरी ब्रेक लागलेलाच.

मिस्तरी बोटावरचं ऑइल ड्रायव्हरला दाखवतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरलेलं १४० अंशांतच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं.

"देवगोईच्या घाटात गेलं असतं तर?"

ड्रायव्हर ड्रमकडे बघत राहतो.

९.४०
अक्कलकुव्याला फोन. सिलिंडर, लायनर, ऑइल. ड्रायव्हर म्हणतो, एकच बाजू करा. मिस्तरी ठाम. लायनर दोन्हीकडचे बदलायचे, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. उजवं सिलिंडरही त्याच नाल्यांतून आलेलं आहे.

"मजुरी एकाच चाकाची घेतो. पण दोन्ही उघडणार."

दुपारी १.३०
सामान घाट चढून दुसऱ्या जीपनं येतं. पार्सलचे वीस रुपये. बाजाराच्या दिवशी ड्रायव्हरच्या दोन खेपा बुडाल्या, त्या कुठल्या वहीत लिहायच्या?

उजवा ड्रम उघडला. रबर शाबूत आहे, पण मागे गंजाची पिवळी कड. आज ना उद्या हेच झालं असतं. दोन्ही ड्रम पॉलिश पेपरनं घासले. स्प्रिंगा पक्कडीनं ओढून बसवताना एक निसटते आणि मिस्तरीच्या अंगठ्याला लागते. रक्त फडक्याला पुसून तो पुन्हा ओढतो.

३.४०
हवा काढणं. पोऱ्या पेडलवर, मिस्तरी खाली पाठीवर.

"मार. मार. धर!"

बाटलीत बुडबुडे येतात, ऑइल आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मग चारही चाकं हातानं फिरवून बघतो.

४.३०
चाचणीची फेरी, चढ आणि उतार. परत येऊन मिस्तरी पुन्हा चारही चाकांजवळ हात नेतो. मागची दोन्ही सारखीच कोमट. वास नाही.

"उतारावर दुसऱ्या गिअरला ठेव. सारखा ब्रेकवर पाय नको."
"हो मिस्तरी."

सकाळची माणसं मीठ, तेल, साबण घेऊन परत आलीत. पोती गेली, टपावर आता दोन पत्रे बांधलेत. होडी अंधाराआधी गाठायची आहे.

४.५०
हिशेब. सिलिंडर दोन, ९६०. लायनर ८५०. ऑइल १९०. मजुरी ७००. एकूण २७००, पार्सलचे वीस मिस्तरी सोडतो. ड्रायव्हर भाड्याच्या नोटा मोजून २००० देतो. ते उद्या सकाळी सामानाच्या दुकानात जातील. मजुरीचे ७०० मिस्तरी वहीत लिहितो, पुढच्या बाजारापर्यंत.