हक्कसोडपत्र आणि आपली समता

बहीण माहेरच्या मालमत्तेवरचा वाटा भावाच्या नावे सोडते, त्या दस्ताला हक्कसोडपत्र म्हणतात. वडील वारले की बहिणीला निरोप जातो, साडी-चोळी होते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिची सही किंवा अंगठा घेतला जातो आणि घराच्या, जमिनीच्या उताऱ्यावरून तिचे नाव जाते. याला कोणी अन्याय म्हणत नाही, रीत म्हणतात. ही रीत आपल्या वस्त्यांतही आहे, म्हणून हे लिहितो.

मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वर्गात संविधानातल्या समतेवर तास घेतो. तरीही वडील गेल्यावर असा कागद मीही तयार करवून घेतला होता. मालमत्ता ती काय? वडिलांनी गवंड्याच्या हाताखाली राबून बांधलेल्या दोन खोल्या. कायद्याने आई, आक्का आणि मी असे तिघे समान वारस. आक्का दिवसाची मजुरी बुडवून एसटीने आली. दस्तलेखकाने मजकूर वाचला : ‘मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...’ मी सहज विचारले, ‘आक्का, खुशी आहे ना?’ ती म्हणाली, ‘सही नाही केली तर जयंतीला कुठं येऊ?’

‘स्वखुशी’चा सगळा अर्थ या एका प्रश्नात आहे. भावाला नाही म्हटले की माहेर तुटते. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर जायला दार उरत नाही. म्हणजे बाई वाटा देऊन माहेर विकत घेते आणि आपण त्या व्यवहाराला बहिणीची माया म्हणतो.

हा वाटा कोणाची मेहेरबानी नाही. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी मुलीच्या वारसाहक्काचा आग्रह धरला. ते बिल अडवले गेले, हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. मात्र राहत्या घराची वाटणी भावांनी केल्याशिवाय तिला मागता येत नव्हती. २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली आणि वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलगी जन्मतः भागीदार झाली. दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. इतक्या वर्षांत कायदा जिथवर आला, तिथून आपण त्याला एका सहीने माघारी पाठवतो.

आपण जी कारणे सांगतो तीही तपासली पाहिजेत. ‘तिच्या लग्नात खर्च केला.’ आणि माझ्या शिक्षणावर झाला तो? आई खुरपायला जायची तेव्हा मला सांभाळायला आक्काची शाळा सातवीत सुटली. माझ्या पदवीत तिचा वाटा आहे. त्याची नोंद कोणत्या उताऱ्यावर? ‘एवढ्याशा तुकड्याचे काय वाटे करायचे?’ दोघे भाऊ असते तर केलेच असते. ‘हक्काची भाषा आली की नात्यातला गोडवा जातो.’ हे वाक्य तरी आपण ओळखायला हवे. गावाने आपल्या बापजाद्यांना हेच सांगितले होते : गोडीने राहा, मागू नका. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पाणी मात्र १९२७ साली चालत जाऊन घ्यावे लागले. कागदावरचा हक्क बजावल्याशिवाय हक्क होत नाही, हे आपल्याला तळ्यावर कळले. मग घरात का कळू नये?

फरक एवढाच की इथे वाट अडवून आपणच उभे आहोत. म्हणून पहिले पाऊलही आपणच उचलायचे. वारसनोंदीच्या अर्जात बहिणींची नावे न मागता लिहावीत. हक्कसोडीचा विषय भावाने काढूच नये. नवे घर बांधले तर उताऱ्यावर पत्नीचेही नाव घालावे. जयंतीच्या व्याख्यानांत एक व्याख्यान वारसा कायद्यावर ठेवावे आणि ते ऐकायला बायकांना पुढच्या रांगेत बसवावे.

आम्ही तो कागद फाडला. आज उताऱ्यावर तीन नावे आहेत. चुलते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण लेख इथेच संपवला तर ती माझी बढाई ठरेल. त्या रात्री सगळे ऐकून घेतल्यावर पत्नी म्हणाली, ‘माझ्या वेळी तुम्ही होतात की सोबत.’ तिने माहेरी असेच हक्कसोडपत्र करून दिले, त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा तिला खुशी आहे का, असे मी विचारले नव्हते. ती सही आता पुसता येत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या सह्या अशा कागदांवर आहेत, हे ज्याने त्याने आठवावे.