परिशुद्ध प्रवाह नियंत्रकातील धारित्रे

विद्युत् मंडलातील प्रवाह ठरवून दिलेल्या मूल्यावर स्थिर ठेवणाऱ्या साधनास प्रवाह नियंत्रक म्हणतात. त्यातील गोंगाट, म्हणजे प्रवाहात होणारे अनियमित व अनिष्ट चढउतार, विवर्धक व रोधक यांच्याइतकाच धारित्रांच्या निवडीवरही अवलंबून असतो. अर्धसंवाहक लेसराच्या नियंत्रकात हे विशेष जाणवते. रुबिडियमाच्या वर्णपटवैज्ञानिक अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरात प्रवाह १ मायक्रोअँपिअरने बदलला, तर प्रकाशाची कंप्रता सामान्यतः काही मेगॅहर्ट्‌झने सरकते. संबंधित वर्णरेषेची नैसर्गिक रुंदीच सु. ६ मेगॅहर्ट्‌झ असते. त्यामुळे १०० मिलिअँपिअर प्रवाहातील एक लाखांश चढउतारही मापन बिघडवू शकतो. के. जी. लिब्रेख्ट व जे. एल. हॉल यांनी अशा लेसरासाठी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली नियंत्रकाची रचना पुढे अनेक प्रयोगशाळांनी आधारभूत मानली.

नियंत्रकात प्रवाह एका परिशुद्ध रोधकातून नेऊन त्याच्या टोकांमधील दाब स्थिर संदर्भ दाबाशी ताडून पाहतात आणि फरकानुसार प्रवाह कमीजास्त करतात. संदर्भ दाबातच गोंगाट असल्यास नियंत्रक तो दुरुस्त करीत नाही; उलट प्रामाणिकपणे प्रवाहात उतरवितो. म्हणून संदर्भ दाब रोधक व धारित्र यांच्या गाळणीतून नेतात. १ किलोओहम व १०० मायक्रोफॅराड यांची गाळणी सु. १·६ हर्ट्‌झच्या वरील चढउतार क्षीण करते. आदर्श धारित्र स्वतः औष्णिक गोंगाट निर्माण करीत नाही. रोधकाचा औष्णिक गोंगाटही धारणा वाढविल्यास घटतो; १ मायक्रोफॅराड धारणेस सामान्य तापमानात त्याचे एकूण मूल्य अवघे ०·०६४ मायक्रोव्होल्ट भरते. अडचणी उद्‌भवतात त्या धारित्रातील निरोधक द्रव्यामुळे.

विद्युत् विच्छेद्य धारित्रात मोठी धारणा स्वस्तात मिळते, पण त्यातून थोडा प्रवाह सतत गळतो. वरील गाळणीत १ मायक्रोअँपिअर गळती झाल्यास रोधकावर १ मिलिव्होल्ट दाब खर्ची पडतो. संदर्भ दाब ५ व्होल्ट असेल, तर १०० मिलिअँपिअर प्रवाहात २० मायक्रोअँपिअरची त्रुटी येते. तिचा स्थिर भाग समायोजनाने काढता येतो. परंतु गळती तापमान व काळ यांनुसार बदलते आणि प्रवाह मंदपणे भरकटत राहतो.

बेरियम टिटॅनेटावर आधारलेल्या मृत्तिका धारित्रांत गळती अल्प असली, तरी ती दाबविद्युत् गुणधर्माची असतात. पंख्याच्या किंवा रोहित्राच्या कंपनाने त्यांत दाब निर्माण होतो. मंडलाच्या फळीवर पेन्सिलीने टिचकी मारली, तरी दोलनदर्शकावर तो दिसू शकतो. शिवाय एकदिश दाब लावताच त्यांची धारणा घटते, लहान आकाराच्या नगांत तर ती निम्म्याहूनही कमी होऊ शकते. एक्स-७-आर वर्गातील ±१५ टक्क्यांची हमी केवळ तापमानापुरती असते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. सी-०-जी वर्गात हे दोष जवळजवळ नसतात. मात्र त्यात मोठी धारणा मिळत नाही. म्हणून नियंत्रकाचा प्रतिसाद स्थिर राखणाऱ्या लहान धारित्रांसाठी तो उत्तम ठरतो.

संदर्भाच्या गाळणीस पॉलिप्रोपिलिनाच्या पटलाचे धारित्र अधिक योग्य होय. १० मायक्रोफॅराडचे असे धारित्र बरेच जागा अडविते आणि पूर्वीचीच सीमा मिळविण्यास १० किलोओहमचा रोधक लागतो. विवर्धकाचा आदान प्रवाह व त्यातील गोंगाट या रोधकातून जात असल्याने विवर्धकही त्यानुसार निवडावा लागतो. वीजपुरवठ्याच्या बाजूस मात्र सामान्य मृत्तिका व विद्युत् विच्छेद्य धारित्रे चालतात, कारण तेथील गोंगाट नियंत्रक बऱ्याच अंशी दाबून टाकतो. याउलट विवर्धकाच्या व्यस्त आदानाशी जमिनीकडे जोडलेले धारित्र, कितीही उत्तम द्रव्याचे असले, तरी उच्च कंप्रतांना विवर्धकाचाच गोंगाट वाढविते.